चेतकची निवृत्ती आणि आपला विचार

(नंदुरबार येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या जिल्ह्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेथे चेतक या नावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. राणा प्रतापांच्या इमानी अश्वाचे हे नाव आपल्या सैन्यदलांनी एका हेलिकॉप्टरला दिले. मूळच्या फ्रेंच बनावटीचे हे यंत्र १९६२ मध्ये हवाई दलात आले आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक उपक्रमाने परवान्याखाली ते देशातच बांधले. २०२२ मध्ये हवाई दलाने त्याच्या सेवेची साठ वर्षे साजरी केली. आता त्याला निरोप देण्याची तयारी चालू आहे. साठ वर्षे राबलेले यंत्र बाजूला कसे करावे आणि त्याच्या जागी नवे कसे आणावे, हा प्रश्न केवळ सैन्याचा नाही.

सेवेचा आलेख

१९७१ च्या डिसेंबरमध्ये शस्त्रसज्ज केलेल्या अशाच एका हेलिकॉप्टरने नारायणगंजच्या इंधनसाठ्यावर रात्री हल्ला चढविला. त्याचे धाकटे भावंड म्हणजे चीता. भारतीय सैन्याची गरज डोळ्यांपुढे ठेवून फ्रेंच अभियंत्यांनी हलक्या सांगाड्याला चेतकचे दणकट इंजिन व पंखे जोडले. उंचीवर हवा विरळ होते. पंख्याला पुरेसा आधार मिळत नाही आणि इंजिनाची शक्तीही घटते. म्हणून तेथे यंत्र हलके आणि इंजिन दमदार असावे लागते. १९७२ च्या जूनमध्ये या जातीच्या हेलिकॉप्टरने १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. १९८४ पासून सियाचीनच्या ठाण्यांवर रसद पोचविणे आणि आजारी जवान खाली आणणे हे काम त्याने अखंड केले.

आपल्या राज्याचा या परंपरेत वाटा आहे. सेनेच्या वैमानिकांना घडविणारी विद्यालयीन संस्था नाशिकला आहे, आणि तेथील अनेक पिढ्या याच यंत्रांवर शिकल्या.

निरोप का द्यावयाचा?

धातू थकतो, सुटे भाग दुर्मीळ होतात, आणि जुन्या यंत्रात आधुनिक इशारा-साधने नसतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये मंडला टेकड्यांत चीता कोसळून वैमानिकांना प्राण गमवावे लागले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असू शकते. तथापि जुन्या यंत्राचे आयुष्य लांबविताना जोखीम कोण उचलतो, याचे भान राखावेच लागते.

मग एका दिवसात सारी बंद का करीत नाहीत? कारण सियाचीनच्या ठाण्याला दुसरा रस्ता नाही. देशी बनावटीचे नवे हलके उपयोगी हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रथम उडाले. २०२० मध्ये त्याच्या चाचण्या हिमालयाच्या उंच भागात झाल्या, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकातील तुमकुरू येथे हेलिकॉप्टरच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पहिल्या उड्डाणापासून जवानाच्या हाती यंत्र पडेपर्यंत इतका दीर्घ काळ लागतो. नवे म्हणजे निर्दोष असेही नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथील अपघातानंतर ध्रुव जातीची हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. त्या काळात जुन्या यंत्रांवरचा भार वाढला.

याउलट एमआय-८ चे उदाहरण पाहावे. १७ डिसेंबर २०१७ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे त्याला सन्मानाने निवृत्त केले, तेव्हा त्याच कुळातील एमआय-१७ त्याचे काम आधीपासूनच सांभाळत होते. आधी उत्तराधिकारी, मग निरोप, हा तेथील क्रम होता.

सातपुड्याशी संबंध

अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील पाड्यांवरून रुग्णाला आजही झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालविला गेला. नावेचे इंजिन, रुग्णवाहिका, पाणीपुरवठ्याचा पंप यांनाही चेतकचाच न्याय लागू आहे. नवी नाव आली म्हणून जुनी लगेच भंगारात काढू नये, आणि जुनी चालते म्हणून नवीची मागणी पुढे ढकलू नये. वाहनाबरोबर चालक, दुरुस्ती करणारा कारागीर आणि सुटे भाग यांची तरतूद करावी. दुरुस्तीची नोंदवही पंचायतीने दरमहा पाहावी.

आपत्तीच्या वेळी हेलिकॉप्टर आले तर ते उतरेल कोठे, याचाही विचार आधीच व्हावा. सपाट व टणक जागा, जवळ विजेच्या तारा वा उंच झाडे नसलेली, सुटे पत्रे व पालापाचोळा दूर केलेली, अशी एक जागा प्रत्येक मोठ्या गावाने हेरून तहसीलदारांना कळवावी. शेपटीकडील पंखा फिरताना दिसत नाही, म्हणून मुलांनी व जमावाने दूर राहावे, आणि वैमानिकाची खूण झाल्याखेरीज कोणीही जवळ जाऊ नये. ही शिस्त शिक्षकांनी वर्गात शिकवावी.

मित्रहो, चेतकचा खरा सन्मान त्याला संग्रहालयात उभे करण्याने पुरा होणार नाही. ज्या ठाण्यावर तो पोचत होता, तेथे उद्याही कोणीतरी वेळेवर पोचले पाहिजे. आपल्या डोंगरातल्या शेवटच्या पाड्यालाही तोच हक्क आहे, आणि तो मिळवून देणे तुमच्या-आमच्या हाती आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!