नाताळ, रात्री नऊनंतर

(नाताळच्या तयारीसाठी भरलेल्या मंडळीच्या सभेत केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला, 'घरापासून दूरचा नाताळ'. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं पुण्याला, बंगळूरला, आखातात आहेत. करंज्यांचा डबा कुरियरने जातो आणि पंचवीस तारखेला आपण फोनच्या पडद्याकडे बघत जेवतो. त्यावर बोलावं असं आधी मनात होतं. पण गेल्या नाताळात कागलपासून चार किलोमीटरवर मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यात माझी चूकही आहे, तीही सांगते.

आपला कागल तालुका उसाचा. चार साखर कारखाने या एका तालुक्यात आहेत. दिवाळी सरली की तोडणीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक बीडकडच्या, काही नंदुरबारकडच्या. नोव्हेंबरात मी एका शेताच्या बांधावरून चालले होते, तर झाडाला बांधलेल्या साडीच्या झोळीला झोका देत एक मुलगी काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची, आपण नाताळात म्हणतो त्यातलीच. शब्द मात्र मला एकही कळेना. मी थांबून विचारलं, "बाई, हे गाणं कुठलं?" ती लाजली. म्हणाली, "आमच्या मंडळीतलं, मावचीत आहे."

नवापूर तालुक्यातलं जोडपं. ती बावीसची असेल, तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. झोळीतलं बाळ पाच महिन्यांचं, पहिलंच. नावं मी सांगणार नाही, कारण पुढे कळेल. नवापूर ते कागल म्हणजे सहाशेच्या आसपास किलोमीटर. त्या टोळीत विश्वासी घरं चार होती आणि इथे ख्रिस्ती मंडळी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आपल्यालाही ती आलेली माहीत नव्हती.

मी मोठ्या आनंदानं आमंत्रण दिलं. पंचवीसला सकाळी नऊ वाजता उपासना, मग प्रीतिभोजन. दोघांनी मान हलवली. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, हे इतकी वर्षं आदिवासी भागात काम करून मला कळायला हवं होतं.

पंचवीसला ते आले नाहीत. खरं सांगते, मला थोडा रागच आला. पंगत उठल्यावर तरुण संघाच्या चार मुलांना घेतलं, घोंगड्या आणि जेवणाचे डबे गाडीत घातले आणि निघाले. खोपीत कोणीच नव्हतं. सगळे फडात. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढत होती. पहाटे चारपासून कोयता चालू होता.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवराबायको मिळून एक कोयता. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. जानेवारी 2024 मध्ये दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला. म्हणजे एक दिवस घरी बसलं की सहा-सातशे रुपये गेले, वर मुकादमाकडे खाडा लागतो तो वेगळा. आणि हे पैसे हातात येत नाहीत, दिवाळीआधी घेतलेल्या उचलीतून वळते होतात. कारखाना नाताळला बंद नसतो. नऊच्या उपासनेला या, हे आमंत्रण त्यांच्या दृष्टीने काय होतं ते मला तिथे, त्या फळीखाली उभं राहिल्यावर समजलं.

तरीही मी एक चूक केलीच. घोंगडी तिच्या हातात देताना मुलाला म्हटलं, फोटो काढ. याच अंकासाठी. तुम्हाला, देणगीदारांना, काम दिसावं म्हणून. ती सरळ उभी राहिली, पदर नीट केला. फोटो झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, हा गावाकडे जाणार नाही ना? आईला मी सांगितलंय, आम्हाला खोली मिळालीय."

तो फोटो मी तिथेच तिच्यासमोर पुसला. म्हणून या अंकात फोटो नाही.

निघताना तीच म्हणाली, "रात्री या ना ताई. आमचा नाताळ रात्री आहे. गाडी भरली की नऊनंतर." आम्ही गेलो. उसाच्या पाचटाची खोप, वर प्लॅस्टिकचा कागद. दारावर चांदणी होती. कामट्या बांधून त्यावर खताच्या पोत्याचा पांढरा तुकडा ताणलेला आणि आत मोबाइलची बॅटरी लावलेली. आमच्या मंडळीची चांदणी आम्ही कोल्हापुरातून विकत आणली होती. असो. कोंबडीचा रस्सा, भात, गुळाचा कोरा चहा. दुपारी मी दिलेले डबे त्यांनी शेजारच्या बीडच्या टोळीतल्या पोरांना वाटून टाकले होते. आम्ही पाहुणे होतो. आम्हाला आधी वाढलं आणि ते चौघे घरचे नंतर जेवले.

बीडच्या टोळीतली एक म्हातारीही येऊन बसली होती. तिचा आपल्या धर्माशी काही संबंध नाही. पण रोज पहाटे चुलीवर पाणी तापवून बाळाला अंघोळ तीच घालायची. ती म्हणाली, "पोरगी नवखी हाय, तिला धरताबी येईना." सहाशे किलोमीटरवरची आजी नाही, तर ही आजी.

मग तिने आईला फोन लावला. व्हिडिओ मात्र लावला नाही. "इथे रेंज कमी आहे," म्हणून सांगितलं. रेंज चांगली होती, मी बघितली. पलीकडून आईने प्रार्थना केली, मागे गावातल्या गाण्याचा आवाज येत होता. तिने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि स्वतः तोंड दुसरीकडे वळवलं.

घरी परतताना मला आपल्या कोल्हापूरच्या मंडळीचा इतिहास आठवला. अमेरिकेतून आलेलं वाइल्डर दांपत्य 1852 मध्ये कोल्हापुरात आलं. मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मला. तेव्हा सुएझचा कालवाही नव्हता, पत्राचं उत्तर यायला महिने लागत. नातलगांपासून दूर राहिलेल्या त्या तरुण कुटुंबाबद्दल आपण आदराने बोलतो, बोलायलाच हवं. मग हे कुटुंब आपल्या यादीत 'लाभार्थी' या रकान्यात कसं गेलं? ती यादी मीच केली होती.

दुसरी गोष्ट शास्त्राची. डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या 'उतारशाळा' या शब्दावर एक अख्खा तास घेतला होता. मूळ ग्रीक शब्द 'कटालुमा'. लूक हाच शब्द शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो, म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या धर्मशाळेसाठी त्याने वेगळाच शब्द योजला आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक मानतात की कोणी दार आपटून लावलं नसावं. पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून घरच्यांनी जिथे गुरं बांधतात तिथे, आपल्यातच सरकून जागा केली असावी. आपल्या नाटकांत दरवर्षी एक रागीट धर्मशाळावाला असतो, टाळ्याही त्यालाच पडतात. मला मात्र आता ती पाणी तापवणारी म्हातारी दिसते.

आता कामाचं. बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस प्रवासात राहून गेला होता आणि कार्ड गावी होतं. जानेवारीत आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्सबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या आणि डोस मिळाला. त्यासाठी तिचा अर्धा दिवस बुडाला. तो पैशांनी भरून द्यायचं आम्हाला सुचलं, तेही नर्सबाईंनी सांगितल्यावर.

या वर्षी पंचवीसची दुसरी उपासना रात्री नऊला फडाजवळ आहे. स्वयंपाक त्यांचा, शिधा आपला. घोंगड्या पुरेशा जमल्या आहेत, आणखी नकोत. हवीत ती माणसं. दिवसा दोन तास झोळीपाशी बसतील अशा चार बहिणी आणि दवाखान्यात नेण्यासाठी दुचाकी असलेला एखादा भाऊ. चालायची तयारी हवी, शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी जात नाही.

ते जोडपं या हंगामात इकडे आलेलं नाही. मागच्या आठवड्यात फोन केला, ते गुजरातेत बारडोलीच्या बाजूला आहेत. बाळ आता चालतं, उसात पळतं म्हणून ती धास्तावलेली असते. तुमच्यापैकी कोणाची त्या भागातल्या मंडळीत ओळख असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. आणि जो कोणी जाईल त्याला एवढं सांगा, नऊनंतर जा.