गोठलेल्या तळ्यावरची शर्यत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, पाकशास्त्र किंवा संतवाङ्मय यांवर कोणी बोलावे, असा प्रघात आहे. आज मी आपल्याला जरा दूरच्या मुलुखात नेणार आहे. विषय आहे मोटारसायकलींच्या शर्यतीचा, आणि तीही गोठलेल्या तळ्यावरच्या. "बायकांच्या मंडळात मोटारसायकल कशाला?" असे कोणाच्या मनात येईल. परंतु 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या शहरातील कितीतरी घरांची चूल दुचाकीच्या धंद्यावर पेटत आली आहे. आपल्या लेकीसुनाही दुचाकीवरूनच कॉलेजला आणि कामावर जातात. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आपल्या ओळखीचा बर्फ म्हणजे रसवंतीतला, भुशात गुंडाळून आणलेल्या लादीचा. हर्सूलचे तळे किंवा सलीम अली सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत गोठले आहे, ही कल्पनाही आपल्याला करवत नाही. स्वीडन, फिनलंड, रशिया या देशांत मात्र हिवाळ्यात हे घडते. पाण्याचा एक गुण मोठा नवलाचा आहे. थंड होता होता चार अंशांवर ते सर्वांत जड होते. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि तेथेच गोठते. म्हणून वर बर्फाचे झाकण, आणि खाली मासे जिवंत! त्या झाकणावरून तेथील माणसे चालतात, गाड्या हाकतात आणि शर्यतीही लावतात.

ऑस्ट्रिया देशात झेल आम झे नावाचे गाव आहे. तेथील गोठलेल्या तळ्यावर 1952 पासून मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती भरत असत. गाडीमागे दोर बांधावयाचा, आणि पायांना लांब पट्ट्या लावलेला एक गडी तो दोर धरून बर्फावरून घसरत यावयाचा, असा तो खेळ. पुढे तो बंद पडला. 2019 साली पुन्हा सुरू झाला, तो तळ्यावर नव्हे, तर गावच्या छोट्या विमानतळाच्या आवारात.

केवळ मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1966 साली सुरू झाली. पहिल्या वर्षीचा विजेता होता सोव्हिएत रशियाचा गब्द्रखमान कादिरोव. त्याने हे पद एकूण सहा वेळा मिळविले. पुढे निकोलाय क्रास्निकोव या रशियन स्वाराने 2005 ते 2012 अशी सलग आठ वर्षे ते राखले. या शर्यतींत जावा यंत्रे फार नावाजली. आपल्याकडे म्हैसूरला 1961 पासून बनू लागलेली जावा ज्यांच्या घरी होती, त्यांना हे ऐकून बरे वाटेल.

एका वेळी चार स्वार, आणि फेऱ्याही चारच. सरळ वाटेवर वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. वळणावर गाडी इतकी कलते की डाव्या बाजूची मूठ बर्फाला लागते की काय, असे वाटते. आणि या गाडीला ब्रेक नसतो! ऐकून आपण म्हणू, "ही माणसे जिवावर उदार झाली आहेत."

पण भगिनींनो, तयारी पाहिली म्हणजे मत बदलते. तळे गोठलेले दिसले म्हणून कोणी त्यावर गाडी घालीत नाही. आधी गिरमिटाने भोके पाडून बर्फाची जाडी मोजतात. नुसते चालावयालासुद्धा निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा. पांढरट बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरतात. चाकांना इंचाहून थोडे लांब असे पोलादी खिळे बसविलेले असतात, ते बर्फात रुततात आणि गाडी घसरत नाही. त्या खिळ्यांनी पडलेल्या माणसाला इजा होऊ नये म्हणून चाकांवर भक्कम आच्छादन असते. वाटेच्या कडेने गवताचे भारे रचतात. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की ती सुटते आणि यंत्र आपोआप बंद होते. डोक्यावर शिरस्त्राण असल्यावाचून तर कोणाला मैदानात पाऊलही टाकू देत नाहीत.

आता आपल्या जालना रोडकडे या. बर्फ नाही, शर्यत नाही, गाडीला ब्रेकही आहे. तरी पुढे उभे केलेले मूल, मागे आडवी बसलेली आई, तिच्या हातात पिशवी, आणि दोघींच्या डोक्यावर काही नाही! शिरस्त्राण असते, पण ते आरशाला टांगलेले. मागे बसणाऱ्यालाही ते घालणे कायद्याने बंधनकारक आहे, हे आपल्यापैकी कितीजणी मनावर घेतात? मागच्या चाकाशेजारी जी जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. पाठीमागे बसणाराचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हे संरक्षण सक्तीचे केले आहे. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून मुलगे ती जाळी काढून टाकतात, आणि आपण त्याच गाडीवर पदर सोडून बसतो.

मुलीने गाडी चालवू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. तिने जरूर चालवावी; चार माणसांच्या मिनतवाऱ्या करण्यापेक्षा ते शतपटींनी बरे. परंतु गाडीची किल्ली देताना शिरस्त्राण आणि शिकवणी हीही द्यावी. आपण लग्नात लेकीला भांडीकुंडी मोजून देतो; हे का मोजू नये?

माझी मंडळाला एक सूचना आहे. पुढील सभेला जी भगिनी दुचाकीवरून येईल, मग ती पुढे बसलेली असो वा मागे, तिने शिरस्त्राण घालूनच यावे. वेणी विस्कटेल, गजरा चुरगळेल. त्यासाठी दाराशी आरसा आणि कंगवा ठेवण्याचे काम मी आजच पत्करते.