सरासरी कोणाची?

(मंडळाच्या आरोग्य-मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनियर आहे आणि गेली काही वर्षं हॉस्पिटलांच्या डेटाबेसवर कन्सल्टिंग करतोय. समोर चार-पाच डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं. मी औषधांबद्दल बोलणार नाही, आकड्यांबद्दल बोलणार आहे. डोक्याला मार लागल्यावर माणसाची स्मरणशक्ती, एकाग्रता किती कमी झाली हे ठरवणारे आकडे.

अपघातानंतर लगेचचं मोजमाप त्या मानाने सोपं. १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी एक मोजपट्टी दिली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. ३ ते १५ गुण. ती आजही जगभर वापरतात. खरी पंचाईत पुढे होते. सहा महिन्यांनी माणूस घरी आहे, चालतोय, बोलतोय, पण गॅस बंद करायला विसरतो, हिशेब जमत नाही, पटकन चिडतो. हे मोजायचं कसं? मार लागण्यापूर्वी त्याची परीक्षा कोणी घेतलेली नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअपच नाही! मग त्याच्यासारख्या लोकांच्या सरासरीशी तुलना करतात. या सरासरीला म्हणतात नॉर्म. पण ‘त्याच्यासारखे’ म्हणजे कोण? सगळी मेख इथे आहे.

याचं उदाहरण याच देशातलं आहे. फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं डोकी आपटून घेतलेल्या निवृत्त खेळाडूंना नुकसानभरपाई देण्याचा एनएफएलचा करार कोर्टाने २०१५ साली मंजूर केला. भरपाई मिळवायची तर बुद्धीची घसरण चाचणीत दिसायला हवी. त्या चाचण्यांचे गुण लावताना कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळा नॉर्म वापरला जात होता, आणि तो खालचा होता. म्हणजे एक गोरा आणि एक काळा खेळाडू, दोघांना अगदी सारखे गुण पडले तरी गोऱ्याची ‘घसरण झाली’, आणि काळ्याचं ‘हा मुळात एवढाच होता’! २०२० साली दोन कृष्णवर्णीय खेळाडू कोर्टात गेले. खेळाडूंच्या बायकांनी हजारो सह्या गोळा केल्या. २०२१ मध्ये एनएफएलने ही पद्धत सोडण्याचं कबूल केलं, आणि मार्च २०२२ मध्ये कोर्टाने वर्णाचा विचार न करणारी पद्धत मंजूर केली.

गंमत बघा, हा नॉर्म मुळात चांगल्या हेतूने आला होता. ज्यांना चांगली शाळाच मिळाली नाही, त्यांना उगाच आजारी ठरवू नये म्हणून. हेतू बरोबर, पण मोजायचं होतं शिक्षण, आणि मोजला कातडीचा रंग. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना असं केलं तर त्याला सरळ बग म्हणतात.

दुसरा प्रश्न, अभ्यासात मुळात येतं कोण? २०२० साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार बेघर लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मेंदूला आयुष्यात कधी ना कधी इजा झालेली असते. पण सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तपासायला बोलवायचं तर पत्ता हवा, फोन हवा, सुट्टी हवी. ज्याचं बस्तान बसलेलं आहे तो येतो, रोजंदारीवाला गळतो. शेवटी जी सरासरी उरते ती येऊ शकणाऱ्यांची. शिवाय अनेक अभ्यासांत इंग्रजी येत नसेल तर प्रवेशच नसतो.

इथे विषय आपल्या घरात येतो. माझ्या सासूबाई मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. ड्राइव्हवेवर बर्फावरून पाय घसरला, डोकं आपटलं. स्कॅन सुदैवाने ठीक निघाला. पुढे एका क्लिनिकमध्ये चाचणी झाली. एका मिनिटात ‘एफ’ने सुरू होणारे शब्द सांगा! सासूबाई मराठी माध्यमाच्या. ‘क’ विचारला असता तर थांबवावं लागलं असतं. कागदावर मात्र आलं, ‘शब्द आठवण्यात अडचण’. बायकोने दुभाषा मागितला, चाचणी दुसऱ्यांदा मराठीत झाली, आणि तो शेरा गेला. पण ताजी गोष्ट लक्षात न राहण्याची तक्रार मराठीतही दिसली, ती खरी होती. पहिल्या कागदात खरं आणि खोटं एकत्र कालवलं गेलं होतं. चुकीच्या मापाने निरोगी माणूस आजारी ठरतो, तसाच आजारी माणूस सुटूनही जातो.

२०२० साली डिमेन्शियावरच्या लॅन्सेट कमिशनने मेंदूची इजा हा टाळता येण्याजोगा धोका म्हणून यादीत घातला. म्हणजे आजच्या पडण्याचा परिणाम वीस वर्षांनीही दिसू शकतो. आई-बाबा इथे येतात, पडतात, ‘काही नाही झालं’ म्हणतात आणि आपणही ऐकतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. घरातलं कोणी पडलं तर पुढचे काही महिने वागण्यात काय बदललं ते तारखेसकट लिहून ठेवा. तोच तुमचा बॅकअप. चाचणीच्या वेळी दुभाषा मागा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला तो विनामूल्य द्यावा लागतो. नातवाला दुभाषा करू नका, तो आजीला उत्तरं सुचवतो! आणि तिसरं, एखाद्या अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारणा झाली तर लगेच ‘वेळ नाही’ म्हणू नका. नीट चौकशी करा, पटलं तर नाव द्या. आपण त्या आकड्यांत नसलो तर आपल्या आयांना दुसऱ्याच कोणाच्या तरी सरासरीने मोजलं जाणार.

काही प्रश्न असतील तर विचारा. औषधांचे मात्र पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांना!