वचन, हमी आणि आश्वासन
(उमरेड येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकून आपण इंग्रजीच्या तासाला येऊन बसलो की काय, अशी शंका काहींना आली असेल. विषय भाषेचा आहे खरा. परंतु ज्या भाषेत आपल्या राज्यघटनेचे आणि महत्त्वाच्या करारांचे मूळ मसुदे लिहिले गेले, तिच्यातील एकेका शब्दावर आपली जमीन, पाणी आणि रोजगार अवलंबून राहिला आहे. वचन देण्यासाठी इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत: प्रॉमिस, ॲश्युअरन्स, प्लेज, अंडरटेकिंग, गॅरंटी. सभेतून वृत्तपत्रात येईपर्यंत या सर्वांचे बहुधा एकच ‘आश्वासन’ होते. या सरमिसळीचा लाभ कोणाला होतो, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांची किंमत पाहू. १८७२ च्या करार कायद्यात प्रस्ताव स्वीकारला गेला की त्याचे ‘प्रॉमिस’ होते. तथापि, मोबदला नसेल तर काही अपवाद वगळता असा करार कायद्याने शून्य ठरतो. त्याच कायद्यात ‘प्लेज’ म्हणजे कर्जापोटी तारण ठेवलेली वस्तू. बैलबाजारात इसार दिल्यावाचून सौदा पक्का मानत नाहीत, त्यातलाच हा विचार: शब्द मोडला तर काहीतरी गमवावे लागले पाहिजे. ‘गॅरंटी’त तिसरा माणूस जामीन राहतो. ‘अंडरटेकिंग’ म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी. न्यायालयाला दिलेले असे हमीपत्र कोणी जाणूनबुजून मोडले, तर १९७१ च्या कायद्यानुसार तो न्यायालयाचा अवमान ठरतो.

उरला ‘ॲश्युअरन्स’. त्याचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे त्याचा अर्थ ‘चिंतामुक्त’. आपला ‘आश्वासन’ हा शब्दही ‘श्वस्’ या धातूपासून आला. घाबरलेल्याला धीर देऊन त्याचा श्वास ठिकाणावर आणणे, हा त्याचा मूळ भाव. म्हणजे दोन्ही भाषांत हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनाशी निगडित आहे, बोलणाऱ्याच्या कर्तव्याशी नाही. विमा कंपनी हाच शब्द वापरते तेव्हा रक्कम, मुदत आणि हप्ता कागदावर असतो. मंत्री वापरतात तेव्हा यातले काय असते?

याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच विदर्भाच्या इतिहासात आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे आदी नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. त्यातील दोन कलमे शेजारी ठेवून पाहा. शासन दरवर्षी ठराविक काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरेल, हे एक कलम. त्यात स्थळ आहे, संख्या आहे आणि क्रियापद ‘शॅल’ आहे, म्हणजे भरलेच पाहिजे. दुसरे कलम निधीवाटपाचे. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा मिळेल, परंतु एकाच शासनाच्या गरजांच्या अधीन राहून! या ‘अधीन राहून’मध्ये सगळी पळवाट आहे.

परिणाम काय झाला? २०२० आणि २०२१ चे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत भरले, तेव्हा कलमाचा भंग शाळकरी मुलालाही दिसला. निधीच्या कलमाचे काय झाले हे नुसते मोजण्यासाठी मात्र करारानंतर तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती नेमावी लागली. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा अनुशेष सुमारे ३१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १२४७ कोटींचा होता. न पाळलेल्या वचनांना मराठीत ‘अनुशेष’ हे सभ्य नाव मिळाले ते असे. ज्या वचनात माप नसते, ते मोडले हे सिद्ध करण्याचेही ओझे ज्याला ते दिले त्याच्याच डोक्यावर येते.

घटनेच्या ३७१ व्या कलमातही हेच घडले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्ये सातव्या दुरुस्तीने घटनेत आली. परंतु तेथे क्रियापद ‘मे’ आहे: राष्ट्रपती आदेशाने तशी जबाबदारी राज्यपालांवर सोपवू शकतील. ‘सोपवतील’ आणि ‘सोपवू शकतील’ यांत अंतर किती? प्रत्यक्षात ते ३८ वर्षांचे निघाले. राष्ट्रपतींचा आदेश मार्च १९९४ मध्ये निघाला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली.

लोकशाहीने या रोगावर औषध शोधले नाही असे नाही. लोकसभेने १९५३ मध्येच शासकीय आश्वासनांची समिती नेमली. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करीन’, ‘माहिती मिळवून सभागृहाला दिली जाईल’ अशा ठराविक शब्दप्रयोगांची एक यादीच तेथे आहे. मंत्र्याच्या तोंडून त्यातले वाक्य निघाले की ते आश्वासन समजावयाचे आणि तीन महिन्यांत पुरे करावयाचे. मुदतवाढ मागण्याची वाट अर्थातच खुली आहे. तरीही तत्त्व महत्त्वाचे आहे: अर्थ बोलणाऱ्याने ठरवावयाचा नसून ऐकणाऱ्या सभागृहाने ठरवावयाचा. दुर्दैव एवढेच की हा नियम सभागृहाच्या भिंतीपाशी थांबतो. उमरेडच्या चौकातील सभेला तो लागू नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक जाहीरनाम्यातील आश्वासने हा कायद्याच्या अर्थाने भ्रष्टाचार नव्हे, असा निर्णय दिला.

याउलट मोतीलाल पदमपत शुगर मिल्सचा खटला पाहा. उत्तर प्रदेश शासनाने नव्या कारखान्याला विक्रीकरात सूट देण्याचे लेखी कळवले आणि नंतर शब्द फिरवला. तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने पाऊल टाकले, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या अखेरीस शासनाला बजावले. तत्त्व उत्तम आहे. पण कारखानदाराच्या हातात सचिवाचे पत्र होते. धरणासाठी घर सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात भाषणाची आठवण असते.

आपल्याच परिसराकडे या. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांच्या अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचा हा संकल्प होता. मूळ खर्च सुमारे ३७२ कोटी. २१ वर्षांनंतर, २००९ मध्ये, काम पुरे व्हावे म्हणून त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा द्यावा लागला. कोनशिलेवर पायाभरणीची तारीख कोरलेली असते, पाणी केव्हा येणार याची नसते. बुडणाऱ्या गावांनी मात्र आपली जमीन आधीच ‘प्लेज’ केली होती.

उमरेडच्या कोळशाचीही हीच कथा. कोळसाक्षेत्रांच्या १९५७ च्या कायद्यानुसार जमीन अधिसूचनेने केंद्राच्या मालकीची होते. त्यात भरपाईची कलमे आहेत; घरटी नोकरीची हमी देणारे कलम नाही. नोकऱ्या मिळाल्या त्या धोरणातून आणि लोकांच्या रेट्यातून. धोरण बदलता येते, गेलेली जमीन परत येत नाही. एका बाजूने कायद्याचा शब्द आणि दुसऱ्या बाजूने धोरणाचा, असा हा विषम सौदा आहे.

म्हणून शब्दाला दात कसे फुटतात, याचे महाराष्ट्रानेच दाखवलेले उदाहरण सांगतो. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या या योजनेत ‘हमी’ हा शब्द शोभेसाठी नव्हता. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता. आणि पैशासाठी शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर १९७५ पासून बसवलेला व्यवसायकर. कोणी, कोणाला, किती दिवसांत, कोणत्या पैशातून आणि न दिल्यास काय, या पाचही प्रश्नांना त्यात उत्तर होते. अंमलबजावणीत तिच्यातही दोष शिरले, मोर्चे काढावे लागले. परंतु त्या मोर्चांच्या हातात कायद्याचे कलम होते; ते दया मागत नव्हते.

मित्रहो, आपली शाळकरी मुले रोज सकाळी देशाशी निष्ठेची प्रतिज्ञा करतात. इंग्रजीत तिला ‘प्लेज’च म्हणतात. मुलांकडून प्रतिज्ञा घ्यावयाची आणि त्यांच्या आईबापांची आश्वासनावर बोळवण करावयाची, हा व्यवहार आपण किती दिवस चालू देणार? यापुढे गावात कोणीही काही देऊ केले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा. उत्तरे ग्रामसभेच्या इतिवृत्तात, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, तारखेसह नोंदवा आणि त्याची नक्कल मागून घ्या. ज्यांच्या मिरवणुकीत आपण स्वतः चालतो त्यांनाही यातून सूट देऊ नका. त्यांना तर प्रथम विचारा.