जो विषाणू आपल्याकडे आहे



 या परिषदेच्या अध्यक्षाने सरत्या वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो छापील स्वरूपात तुमच्या हाती आहे. म्हणून मला मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नावर खर्च करणार आहे. आपण रोज ज्या विषाणूशी लढतो, तो आपल्याला कितपत ठाऊक आहे?

एचआयव्हीबद्दल आपण जे शिकलो, त्यातलं बरंचसं बी उपप्रकारावरून शिकलो. अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथे मुख्यतः हा उपप्रकार आढळतो. ज्या संदर्भक्रमाशी ताडून जगभरच्या प्रयोगशाळा आपापल्या विषाणूतल्या जागांना क्रमांक देतात, तो एचएक्सबी-2 सुद्धा बी उपप्रकाराचाच. औषधं आधी बी वर पारखली गेली, चाचण्या बी वर बेतल्या गेल्या. पण 2010 ते 2015 या काळातल्या नमुन्यांचा जो जागतिक आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बी चा वाटा सुमारे 12 टक्के निघाला आणि सी चा जवळजवळ 47 टक्के. दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि भारत ही सी ची मोठी ठाणी. भारतात तर दहांतले नऊहून अधिक संसर्ग सी चेच. या सभागृहातल्या डॉक्टरांनी आयुष्यभर जो विषाणू हाताळला, तो पाठ्यपुस्तकातल्या विषाणूचा भाऊबंद आहे, पण तोच नव्हे. मी पुढे जे सांगणार आहे, ते सगळं या फरकातून निघतं.

हा फरक पडतो कसा? एचआयव्हीचा जनुकीय मजकूर साधारण 9,700 अक्षरांचा. त्याची नक्कल करणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराला आपल्या चुका दुरुस्त करण्याची सोय नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, आणि त्या नकलांमध्ये चुका राहून जातात. ज्यांनी जुन्या पोथ्यांचे पाठभेद अभ्यासले आहेत, त्यांना हे चटकन समजेल. एका लेखनिकाने गाळलेली ओवी त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत गळलेली असते, आणि त्या खुणेवरून कोणती प्रत कोणत्या घराण्याची हे ओळखता येतं. विषाणूंची वंशावळही अशाच खुणांवरून मांडली जाते. एचआयव्ही आणखी एक गोष्ट करतो. एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू शिरले, तर नक्कल करताना विकर एका मजकुरावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि दोघांचा संकर जन्माला येतो. असे संकर पसरले की त्यांची स्वतंत्र नोंद होते. आज अशा फिरत्या संकरित रूपांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. थायलंडमध्ये ज्याला पूर्वी ई उपप्रकार म्हणत, तो असाच एक संकर निघाला आणि ई हे अक्षर यादीतून गेलं. आयचंही तेच झालं. उलट एल हे अक्षर 2019 मध्ये नव्याने आलं. काँगोमधून 1983, 1990 आणि 2001 मध्ये घेतलेल्या नमुन्यांचे धागे तेव्हा जुळले.

या वैविध्याचं माप एका तुलनेतून कळतं. संसर्गाला सहा वर्षं झालेल्या एकाच माणसाच्या शरीरात एचआयव्हीची जेवढी रूपं साचतात, त्यांची तुलना एका वर्षात जगभर फिरणाऱ्या फ्लूच्या वैविध्याशी करता येते. फ्लूची लस दर वर्षी बदलावी लागते, हे आपण सगळे जाणतो. इथे उपप्रकारा-उपप्रकारांमध्ये बाह्य आवरणाच्या प्रथिनात 35 टक्क्यांपर्यंत फरक सापडतो.

या सगळ्याचं मूळ किन्शासात आहे. वसाहतीच्या काळात ते बेल्जियन काँगोचं लिओपोल्डविल होतं. तिथला 1959 चा एक रक्तनमुना आणि 1960 मध्ये काढून मेणात जतन केलेला लसिकाग्रंथीचा तुकडा, या दोन्हींत एचआयव्ही सापडला. दोन्ही एकाच शहरातले, पण इतके भिन्न, की त्यांचा समान पूर्वज कित्येक दशकं मागे असायलाच हवा होता. 2008 मध्ये मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडून तो काळ विसाव्या शतकाच्या आरंभाजवळ नेला. आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींमध्ये या विषाणूचा सर्वांत जवळचा नातलग सापडला, तो त्याआधी दोन वर्षं. जंगलातून शहरात आलेला हा विषाणू पुढे वसाहतीच्या रेल्वेने प्रवास करत गेला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक किन्शासामार्गे रेल्वेने ये-जा करत होते. दक्षिणेला कटंगाच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटेवर सी वाढला, तिथून दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत उतरला. बी 1960 च्या दशकात हैतीला पोचला आणि तिथून न्यूयॉर्कला. खाणीत मजुरीला गेलेला माणूस, घरापासून दूर बराकीत राहिलेला माणूस, त्याच्या मागोमाग हा विषाणू गेला. मुंबईच्या गोदीत आणि महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतातला पहिला संसर्ग 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. निर्मला यांच्या कामातून उघड झाला. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था 1992 मध्ये उभी राहिली. 1999 मध्ये तिथल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एकत्र एक निबंध प्रसिद्ध केला. नव्याने संसर्ग झालेल्या पुण्यातल्या सहा जणांच्या विषाणूंचे जवळजवळ संपूर्ण जनुकीय क्रम त्यात होते. पाच निखळ सी होते. सहावा ए आणि सी यांचा संकर होता. कुठल्या भागात तो ए आहे आणि कुठे सी, हे दाखवण्यासाठी या गटातल्या स्टुअर्ट रे यांनी लिहिलेली सिमप्लॉट नावाची संगणकप्रणाली वापरली होती. तेव्हापासून विषाणूंचे संकर शोधायला जगभर हे साधन वापरतात, आणि वापरणारे आजही त्याच निबंधाचा हवाला देतात. करोनाच्या साथीत नव्या विषाणूची वटवाघळांतल्या विषाणूंशी तुलना करणाऱ्या निबंधांतही सिमप्लॉटचे आलेख होते. पुण्यातल्या सहा माणसांच्या रक्तातून हे साधन जगापुढे आलं. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्या सहा जणांबद्दल कृतज्ञता वाटते.

सी वेगळा आहे म्हणजे काय, याची दोन उदाहरणं औषधांतून देतो. आपल्या कार्यक्रमात 2004 पासून मोफत उपचार सुरू झाले आणि पुढे इफाविरेन्झ कित्येक वर्षं वापरात राहिलं. या औषधाला दाद न देण्याचा एक मार्ग म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या 106 व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन येणं. बी उपप्रकारात तिथे जीटीए ही तीन अक्षरं असतात, त्यांची एटीजी व्हायला दोन अक्षरं बदलावी लागतात. सी मध्ये तिथे जीटीजी असतं. एकच अक्षर बदललं की काम झालं. म्हणून हा बदल सी मध्ये सहज आढळतो आणि बी मध्ये क्वचित. टेनोफोविरचंही असंच. 65 व्या जागेचा बदल सी मध्ये अधिक वेगाने येतो, कारण त्या जागेभोवतीच्या अक्षरांची मांडणी वेगळी असल्याने नक्कल करणारं विकर नेमकं तिथे अडखळतं. गोळी तीच, मात्रा तीच, आणि विषाणूपुढची पळवाट वेगळी. आज डोल्युटेग्राविरमुळे आपण बऱ्याच सुरक्षित जागी आहोत. पण टेनोफोविर त्याच गोळीत आहे, आणि डोल्युटेग्राविर अपयशी ठरलेल्या रुग्णाच्या विषाणूत काय बदललं, हे आपण आपल्या विषाणूवरच तपासलं पाहिजे.

बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने दाखवलं, की सी च्या टॅट प्रथिनात 31 व्या जागी सिस्टीन बहुधा नसतं आणि त्यामुळे ते प्रथिन पांढऱ्या पेशींना इतर उपप्रकारांतल्या टॅटसारखं ओढून घेत नाही. भारतात एचआयव्हीजन्य स्मृतिभ्रंश कमी दिसतो, त्याच्याशी याचा संबंध असावा का, यावर अजून वाद आहे. याच गटाने नंतर भारतातल्या काही सी विषाणूंत एनएफ-कप्पा-बी हे पेशीतलं प्रथिन चिकटण्याच्या तीनऐवजी चार जागा दाखवल्या. म्हणजे आपला सी सुद्धा स्थिर नाही.

आतापर्यंतचं सगळं एचआयव्ही-1 बद्दल होतं. एचआयव्ही-2 बद्दलही थांबून बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतते. हा विषाणू चिंपांझीकडून आलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे या माकडाकडून आला. आफ्रिकेबाहेर तो जिथे सापडतो, त्यात पोर्तुगाल आहे, आणि मुंबई व गोवाही आहेत. 1990 च्या दशकाच्या आरंभीच त्याची इथे नोंद झाली. नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ ही दोन्ही औषधं त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. आणि एचआयव्ही-1 साठी बनवलेली व्हायरल लोड चाचणी त्याला मोजत नाही. अहवालावर 'आढळला नाही' असं येतं, डॉक्टर समाधानाने मान हलवतात, आणि सीडी4 पेशींची संख्या घसरत राहते. कोकणातून, गोव्यातून, मुंबईतून आलेल्या प्रत्येक कागदावर विषाणूचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असलाच पाहिजे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

लसींबाबत थोडक्यात सांगतो. थायलंडच्या 2009 च्या चाचणीत 31 टक्के संरक्षण दिसलं. तीच कल्पना सी ला जुळवून दक्षिण आफ्रिकेत सुमारे 5,400 स्वयंसेवकांवर तपासली, आणि 2020 च्या आरंभी ती थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरकच नव्हता. अनेक उपप्रकारांचे तुकडे जोडून केलेल्या मोझेइक लसींनीही निराशा केली. पुण्यात 2005 मध्ये देशातली पहिली लस-चाचणी झाली, तीही सी च्या जनुकांवर आधारलेली. लस सुरक्षित ठरली, प्रतिसाद मात्र क्षीण होता. मला सर्वांत बोलका वाटतो तो व्हीआरसी-01 या प्रतिपिंडाचा अनुभव. 2021 च्या निकालांनुसार एकूण गटात त्याने संसर्ग रोखला नाही. पण जे विषाणू त्याला दाद देणारे होते, त्यांच्यापासून 75 टक्के संरक्षण मिळालं. असे विषाणू होते सुमारे 30 टक्के. प्रतिपिंड काम करत होता, पण समोर येणाऱ्या बहुतेक विषाणूंवर त्याची पकड बसत नव्हती. कोणत्या प्रदेशात कोणती रूपं फिरतात याचा तपशीलवार नकाशा हाती नसेल, तर पुढचे प्रतिपिंडही असेच अर्धवट पडतील. आणि त्या नकाशावर भारताचा भाग त्याच्या रुग्णसंख्येच्या मानाने फारच विरळ भरलेला आहे.

मग सिक्वेन्सिंग, म्हणजे विषाणूंचे जनुकीय क्रम वाचणं, वाढवा, असं म्हणून मी थांबू शकलो असतो. पण या समोरच्या रांगेत बसलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या माझ्या मित्रांना एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: आमच्या रक्तातला हा मजकूर तुम्ही वाचाल, तो कुणाच्या हाती जाईल?

या मजकुराने निरपराधांची बाजू मांडली आहे. लिबियात बेनगाझीच्या रुग्णालयात 400 हून अधिक मुलांना संसर्ग झाला आणि पाच बल्गेरियन परिचारिका व एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर तो मुद्दाम केल्याचा आरोप ठेवला गेला. 2006 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने दाखवलं, की मुलांमधला पश्चिम आफ्रिकी वळणाचा संकर 1998 मध्ये परिचारिका तिथे पोचण्याआधीच रुग्णालयात पसरत होता. त्याच महिन्यात न्यायालयाने पुन्हा फाशी सुनावली. सुटका झाली ती 2007 च्या जुलैमध्ये, वाटाघाटींतून. अमेरिकेत साथ आणल्याचा ठपका गाएतान द्युगा या विमान कर्मचाऱ्यावर मरणोत्तर बसला होता. 1970 च्या दशकातल्या नमुन्यांनी तो 2016 मध्ये पुसला.

पण ज्या वंशावळीने कुणाला निर्दोष ठरवता येतं, तिच्यावरूनच कुणाच्या घरात बोट दाखवताही येतं. याच्याकडून त्याला संसर्ग झाला, हे जनुकीय क्रम निर्विवाद सांगू शकत नाही, कारण मधला तिसरा माणूस नमुन्यात नसतो. गावातल्या चावडीला, सासरच्या माणसांना, विम्याच्या कचेरीला हा बारकावा कळणार नाही. वैविध्याचा अभ्यास करताना सर्वांत आधी भरडली जाईल ती नवऱ्याकडून संसर्ग झालेली आणि तरीही घरात दोषी ठरलेली बाई. 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. समजून-उमजून दिलेली संमती म्हणजे रांगेत उभं करून घेतलेली सही नव्हे. नमुना पुढे कुठे जाणार, त्यातून काय वाचलं जाणार, नाव कसं काढून टाकणार, हे मराठीत, आदिवासी पाड्यांवर तिथल्या बोलीत, समुपदेशकाने बसून सांगायला हवं. त्यासाठी समुपदेशकांची पदं भरलेली असायला हवीत आणि त्यांचे पगार वेळेवर व्हायला हवेत. हा जनुकशास्त्राच्या भाषणात न शोभणारा मुद्दा कुणाला वाटत असेल, तर मी आदराने असहमत आहे.

म्हणून या परिषदेच्या ठरावात मी तीन गोष्टी मागतो. उपचार अपयशी ठरलेल्या प्रत्येक रुग्णाची औषधप्रतिरोध चाचणी मुदतीत व्हावी आणि तिचा अहवाल त्याच्यावर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रापर्यंत पोचावा. नाव वगळलेले क्रम भारतीय संशोधकांना खुले असावेत, मात्र पोलीस आणि न्यायालयीन तपासाला ते उपलब्ध नसावेत. आणि या माहितीचा वापर ठरवणाऱ्या समितीत एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींना निम्म्या जागा असाव्यात. मसुदा तुमच्या पिशवीत आहे. दुपारच्या खुल्या सत्रात तो मतास येईल. त्यावर दुरुस्त्या सुचवा, कठोरपणे सुचवा. पहिल्या सत्राच्या वक्त्यांना मी आता व्यासपीठावर निमंत्रित करतो.