ॲलेक गिनेस : पावलांतून घडणारा नट

ॲलेक गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या मैदा व्हेल भागात झाला. जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाची जागा कोरी होती. आई अविवाहित, हाताशी पैसा नाही. आज या हॉटेलात तर उद्या भाड्याच्या खोलीत, असे बालपण गेले. आईने एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केल्यावर काही काळ मुलाला सावत्र बापाचे नाव लागले, आणि आपले आडनाव गिनेस आहे हे त्याला चौदाव्या वर्षी कळले. वडील कोण, हे अखेरपर्यंत खात्रीने उमगले नाही. या कोऱ्या जागेवरून त्यांच्या सगळ्या अभिनयाचा उलगडा करण्याची पद्धत पडली आहे : ज्याला स्वतःची ओळख नाही, तो दुसऱ्यांच्या ओळखी पांघरतो. हा उलगडा सोपा आहे आणि अपुरा आहे. पोरकेपणाने नट होत नाही. गिनेस शिकून नट झाले, आणि त्यांच्या शिकण्याची सुरुवात पावलांपासून होती. भूमिका हाती आली की संवादांच्या आधी ते त्या माणसाची चाल शोधत. रंगभूमी आणि पडदा मिळून अर्धशतकाहून अधिक काळ चाललेले त्यांचे काम या एका सवयीच्या अंगाने सर्वांत स्वच्छ उलगडते.

शाळा सुटल्यावर त्यांनी जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. नाटकाचे कोणतेही शिक्षण नसताना त्यांनी थेट नामवंत नट जॉन गिलगुड यांचा सल्ला मागितला. गिलगुड यांनी त्यांना मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकायला पाठवले. हा मुलगा नट होणार नाही, असे बाईंचे पहिले मत होते. पुढे १९४६ साली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या चित्रपटात बाई मिस हॅविशॅम झाल्या आणि शिष्य हर्बर्ट पॉकेट.

२ एप्रिल १९३४ रोजी, विसाव्या वाढदिवशी, ‘लायबेल!’ नाटकात त्यांचे रंगभूमीवर पहिले पाऊल पडले. वाट्याला एकही वाक्य नव्हते. वर्षअखेरीस गिलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑझ्रिक ही छोटी भूमिका मिळाली. नंतर ओल्ड व्हिक हे नाट्यगृह, आणि तिथे १९३८ मध्ये टायरोन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली आधुनिक पोशाखातला हॅम्लेट. त्याच वर्षी अभिनेत्री मेरुला सलामन यांच्याशी विवाह झाला.

युद्धात ते नौदलात शिरले. १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैन्य उतरवणारी एक नौका त्यांच्या हाताखाली होती. चढाई पुढे ढकलल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही आणि त्यांची नौका एकटीच किनाऱ्याला लागली. उशीर झाला म्हणून वरिष्ठ ओरडले, तेव्हा लंडनच्या नाटकांत पडदा ठरल्या वेळीच उघडतो, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे आत्मचरित्रात नमूद आहे.

दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१९४८) फॅगिन या ज्यू पात्राची भूमिका त्यांनी हट्टाने मिळवली. तिशीतल्या या गोऱ्यागोमट्या माणसाला म्हातारा फॅगिन झेपेल, असे लीन यांना वाटत नव्हते. गिनेस पूर्ण रंगभूषा करून समोर उभे राहिले आणि प्रश्न मिटला. जुन्या रेखाचित्रांवरून बेतलेले ते लांब नाक मात्र युद्धानंतरच्या जगात भोवले. बर्लिनमध्ये ज्यू प्रेक्षकांनी उग्र निदर्शने केली, आणि अमेरिकेत चित्रपट काटछाट होऊन १९५१ मध्येच लागला. तो रोष योग्य होता. रंगभूषेने दुसऱ्याचा वंश चेहऱ्यावर चढवता येतो, या समजुतीने गिनेस यांना पुढेही खड्ड्यात घातले.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या पुढच्याच वर्षी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ आला. ईलिंग स्टुडिओच्या या चित्रपटात एका सरदार घराण्याचे आठ वारस एकेक करून मरतात आणि आठही जण गिनेस आहेत : ड्यूक, सावकार, पाद्री, सेनापती, नौसेनापती, दोन तरुण, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी लेडी अगाथा. एका दृश्यात त्यांतले सहाजण एकाच चौकटीत दिसतात. त्यासाठी कॅमेरा जागेवर पक्का जखडून, चौकटीचा एकेक भाग झाकून, तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे फिरवून छायाचित्रण केले गेले. कॅमेरा केसभरही हलू नये म्हणून छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्ब रात्री त्याच्याजवळच झोपले. पण खरी करामत यंत्राची नाही. मिशा आणि टोप काढून टाकले तरी पाद्री पाद्रीच राहतो आणि सेनापती सेनापती, कारण प्रत्येकाचे वजन वेगळ्या पायावर पडते.

१९५१ चा स्वतः बसवलेला ‘हॅम्लेट’ सपशेल पडला. पहिल्याच रात्री प्रकाशयोजना बिघडली, समीक्षक तुटून पडले, आणि गिनेस यांनी ती भूमिका पुन्हा केली नाही. दोन वर्षांनी, १३ जुलै १९५३ रोजी, कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डमध्ये एका तंबूत नवा शेक्सपिअर महोत्सव सुरू झाला. तिथे तिसऱ्या रिचर्डचे पहिले वाक्य गिनेस यांच्या तोंडचे होते. तो महोत्सव आजही भरतो.

‘फादर ब्राऊन’च्या (१९५४) चित्रीकरणात, फ्रान्समधल्या एका गावात, संध्याकाळी ते पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामाकडे निघाले होते. एक लहान मुलगा धावत आला, त्याने त्यांचा हात धरला आणि फ्रेंचमध्ये बडबड करत बराच वेळ बरोबर चालला. मग नमस्कार करून कुंपणाच्या फटीतून निघून गेला. अनोळखी माणसावर केवळ त्या झग्यामुळे एवढा विश्वास टाकला जातो, हे पाहून ते हलले. त्याआधी मुलगा मॅथ्यू पोलिओने कमरेखाली लुळा पडला असताना ते रोज एका कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसत. मुलगा सावरला, आणि १९५६ मध्ये गिनेस यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

पोलिओतून उठणाऱ्या मुलाची चाल पडद्यावरही उतरली. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये (१९५७) गिनेस यांनी साकारलेल्या कर्नल निकल्सनला तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर काढतात. त्याला मैदान ओलांडून जपानी अधिकाऱ्याकडे जायचे आहे. पाठ ताठ ठेवण्याची धडपड आहे, गुडघे ऐकत नाहीत, पाय मध्येच भरकटतो, पण लष्करी शिस्त सुटत नाही. ती चाल मॅथ्यूची आहे, असे गिनेस यांनीच सांगितले आहे. लीन यांच्याशी त्यांची या भूमिकेवरून सतत भांडणे झाली. ऑस्कर मात्र मिळाले, आणि ते त्या काही पावलांसाठी मिळाले असे म्हणायला हरकत नाही. १९५९ मध्ये सर ही पदवी आली. १९६० च्या ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’तला दारुडा, उद्दाम स्कॉटिश अधिकारी जॉक सिंक्लेअर ही त्यांची पडद्यावरची सर्वोत्तम भूमिका होय, ती निकल्सनच्या सावलीत राहिली, हा अन्याय आहे. १९६४ मध्ये ब्रॉडवेवर कवी डिलन टॉमस साकारून त्यांनी टोनी पुरस्कार घेतला.

‘स्टार वॉर्स’बद्दल (१९७७) बहुतेकांना ठाऊक आहेच. संवाद त्यांना भिकार वाटले. मात्र करारातल्या सव्वादोन टक्के वाट्याने म्हातारपणाची ददात मिटली. त्याहून मोलाचे काम १९७९ चे : बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या मालिकेतला जॉर्ज स्मायली. तयारीसाठी कादंबरीकार जॉन ल कारे यांनी त्यांची गाठ ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली. जेवण संपवून ओल्डफील्ड छत्री घेऊन निघाले, तेव्हा पाहुणा कसा चालतो हे गिनेस बारकाईने पाहत राहिले.

आणि मग १९८४ मध्ये आले प्रोफेसर नारायण गोडबोले. परदेशी नटाबद्दल मराठीत एवढे कशाला, या रास्त आक्षेपाला इथे उत्तर आहे. ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी लिहिणारे ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात ती उतरवली. त्या भागात गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, फिक्या जांभळ्या पगडीचा हा दक्षिणी ब्राह्मण देवापुढे तुकारामांचा धावा करत भान हरपून नाचतो. गोडबोल्यांचा सगळा अर्थ त्या नाचात आहे; एरवी ते चहा पितात, कोड्यात बोलतात आणि गाडी चुकवतात.

या कादंबरीवरच्या लीन यांच्या चित्रपटात गोडबोल्यांची भूमिका गिनेस यांना दिली गेली. सईद जाफरी आणि रोशन सेठ त्याच चित्रपटात होते, व्हिक्टर बॅनर्जी नायक होते. गोडबोल्यांसाठी भारतीय नट मिळाला नसता, हे पटणारे नाही. पडद्यावर आधी अरब राजपुत्र फैसल आणि जपानी व्यापारी साकारून झालेल्या गिनेस यांनी होकार दिला, त्यामागे रंगभूषेबद्दलची तीच जुनी समजूत होती. त्यांनी नाच मेहनतीने बसवला आणि लीन यांनी तो कापला. चित्रपटात उरली पगडी, गंध आणि एक मंद स्मित. पाय काढून घेतलेला गिनेस म्हणजे नुसती रंगभूषा, हे या भूमिकेइतके दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही. गोडबोले फसले. दोष निवडीचा आहे आणि कात्रीचाही. एका मराठी माणसाला जागतिक पडद्यावर मिळालेली मोठी जागा अशी वाया गेली, याची खंत मराठी प्रेक्षकाने बाळगावी.

उरलेले थोडक्यात. १९८० मध्ये मानद ऑस्कर मिळाले होते, १९८५ मध्ये ‘ब्लेसिंग्ज इन डिसगाइज’ हे आत्मचरित्र आले. ते गद्यासाठीही वाचण्याजोगे आहे. रंगभूमीवरचे शेवटचे काम १९८८ मध्ये सुरू झालेले ‘अ वॉक इन द वूड्स’. ५ ऑगस्ट २००० रोजी वेस्ट ससेक्समधल्या मिडहर्स्ट येथे गिनेस यांचे निधन झाले. बासष्ट वर्षांच्या सहजीवनानंतर मेरुलाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेल्या.