गोळी, ताईत आणि माझा भाचा



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, डॉक्टर नाही. आज उभा आहे तो मामा म्हणून, आणि एक चूक कबूल करायला.

माझी बहीण जुन्नर तालुक्यात राहते. तिचा मुलगा आठ वर्षांचा. वर्गात पाच मिनिटं बसत नाही, वही अर्धी सोडतो, रांगेत ढकलाढकली करतो. संध्याकाळी पळून दमावं म्हटलं, तर आपल्याकडे ऊस आणि बिबट्या. दिवेलागणीला पोरं घरात कोंडलेली. अम्मीने दर्ग्यातून ताईत आणला. शेजारणी म्हणाल्या, आईचे लाड नडले. एका दवाखान्यातून गुंगीचं सिरप मिळालं, पोरगं बाकावर झोपू लागलं आणि शाळा खूश झाली! शेवटी पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी सांगून मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू केली.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत इंटरनेट वाचत बसलो. भूक मरते, झोप उडते, वाढ मंदावू शकते. वर औषध एनडीपीएस कायद्याच्या यादीतलं. सकाळी फोन केला, "आपा, बंद कर. आपलं पोर वेडं नाही." तिने ऐकलं, कारण घरात शिकलेला मी. दीड महिन्यात शाळेने दाखला घेऊन जा म्हणून सांगितलं. भाच्याने मला विचारलं, "मामू, मैं बुरा हूँ क्या?"

मी वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. 1999 साली अमेरिकेत 579 मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 14 महिन्यांत, नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर तो फरक उरला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 आणि 2021 मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घ्यायला नकार दिला. म्हणजे वाद खरा आहे. पण त्या वादाचा निकाल मी फोनवर, पोराला न बघता लावला.

पुढच्या खेपेला मीही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, घरी कसा असतो? लग्नात, मशिदीत? त्रास एकाच ठिकाणी असेल तर आधी ती जागा तपासायची. कान तपासले, झोपेची चौकशी केली. मग म्हणाले, गोळी काही तास लक्ष टिकवते, शिकवत काहीच नाही. सूचना एका वेळी एकच द्यायची, काम छोट्या तुकड्यांत करून घ्यायचं, जमलं की लगेच शाबासकी द्यायची. हे आई-बाप आणि गुरुजींनी करायचं.

आता हे आपाला शिकवणार कोण? जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, सगळीकडे विचारलं. असं माणूस सापडलं नाही. पुण्याची प्रत्येक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि भावजींचा एक दिवसाचा रोज. शहरात लोक गोळी की समुपदेशन यावर भांडतात. आपल्या वाट्याला गोळी येते, कारण ती पिशवीत मावते.

मागायचं ते इथे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा येतं. त्याच्या तपासणीत एडीएचडीही येतो. गुरुजींना आधीच सांगून ठेवा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे आम्ही लेखी दिलं आणि दाखल्याची भाषा थांबली. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताईताबद्दल विचाराल. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागून 28 मनोरुग्ण गेले. साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. दुआला माझा विरोध नाही, साखळीला आहे. अम्मीने ताईत काढला नाही, डॉक्टरांचीही हरकत नव्हती.

आता डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे शाळेच्या दिवशी कमी डोस. आपा आधी दोन पराठे खायला घालते, मगच गोळी. डबा मात्र अजून अर्धा परत येतो. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करतो.

आपा आज इथे आली आहे, मागच्या रांगेत. चहाच्या वेळी तिच्याशी बोला. माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.